बिनभोकाची इस्त्री

योग्य यंत्राची योग्य निवड हाच सुखी संसाराचा पाया असतो.

हे वाक्य माझ्या भाऊजींनी जेवणाच्या टेबलाशी उभं राहून, उजव्या हातात इस्त्री उंच धरून म्हटलं. ते पुरं व्हायच्या आत इस्त्रीतलं पाणी त्यांच्या कोपरापर्यंत ओघळलं.

"गळतेय," मी म्हटलं.

"गळत नाहीये, कुंदा. जास्तीचं पाणी बाहेर टाकतेय." त्यांनी कोपर बनियनला पुसलं. "यंत्र कळणं आणि यंत्र वापरणं यात फरक असतो."

तो फरक मला मान्य होता. यंत्र ते कळून घेत आणि वापरायची माझी बहीण. लग्न झाल्यापासून घरात कामाची वाटणी अशीच होती. भाऊजींना मिक्सर कळत होता, कुकरची शिट्टी कळत होती आणि गॅसची शेगडीही कळत होती. फक्त ती पेटवायची कुठून हे त्यांना माहीत असल्याचा पुरावा मला कधी मिळाला नाही.

ही नव्वदीच्या दशकातली, कऱ्हाडची गोष्ट. मी तेव्हा सांगलीच्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवत होते आणि नवरात्राच्या सुट्टीत शकूताईकडे आले होते. भाऊजी, म्हणजे श्रीधर मुजुमदार, बी.ई., सरकारी खात्यात इंजिनिअर. दारावरच्या पाटीवर हे सगळं लिहिलेलं होतं. त्या पाटीवर माझ्या बहिणीसाठी जागा होती, पण तिथं भाऊजींनी 'कृपया बेल एकदाच वाजवावी' असं लिहून घेतलं होतं.

शकूताई गोधड्या शिवायची. जुन्या लुगड्यांच्या, धोतरांच्या, सदऱ्यांच्या. नातेवाइकांची बाळंतपणं, बारशी, मुंजी यांत त्या गोधड्या जायच्या आणि लोक म्हणायचे, "मुजुमदारांकडून आलीय." त्या वर्षी पहिल्यांदाच पुण्याच्या एका महिला संस्थेनं तिला पत्र पाठवलं होतं. त्यांच्या प्रदर्शनात निवडक बायकांच्या गोधड्या लावायच्या होत्या आणि प्रत्येकीखाली शिवणारीचं नाव असणार होतं. पत्रावर लिहिलं होतं 'श्रीमती शकुंतला मुजुमदार'. पोस्टमननं ते दोनदा परत न्यायला घेतलं होतं, कारण या नावाचं इथं कुणी राहत नाही अशी त्याची समजूत होती.

ताईनं त्या प्रदर्शनासाठी आमच्या अण्णांच्या धोतरांची गोधडी करायला घेतली. अण्णा आदल्या वर्षी गेले. हेडमास्तर होते, जन्मभर पांढरंशुभ्र धोतर नेसले. आईची लुगडी किनारीला आणि मधोमध सगळे पांढरे चौकोन अण्णांच्या धोतरांचे. गाभ्यातला मोठा चौकोन ताई नेहमी सगळ्यात शेवटी, वरून लावायची. त्यासाठी अण्णांच्या चांगल्या धोतराचा एकच धड तुकडा तिनं राखून ठेवला होता. बाकीचं धोतर विरलं होतं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी संस्थेच्या नगरकरबाई जीप घेऊन गोधडी न्यायला येणार होत्या. त्या आल्या आणि गोधडी तयार नसली, तर त्या पुढच्या गावाला जाणार होत्या. गोष्ट एवढी सरळ होती.

आणि घरातली इस्त्री पहिल्याच माळेला 'फट्' असा आवाज करून गेली.

आता इथं दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण भाऊजींना ते वेळेवर पटवता आले नाहीत. गोधडीच्या कामात इस्त्री फिरवायची नसते. शर्टावर फिरवतात. इथं चौकोनाला चौकोन जोडला की शिवण उलगडायची, तिच्यावर इस्त्री ठेवायची, दाबायची आणि उचलायची. फिरवली की कापड ताणलं जातं आणि चौकोनाचा पतंग होतो. म्हणून इस्त्री जड हवी, म्हणजे मनगटानं जोर लावावा लागत नाही. टोक निमुळतं हवं, म्हणजे कोपऱ्यात शिरतं. आणि तळ सपाट, गुळगुळीत, भोकं नसलेला हवा, कारण भोकात दोरा अडकतो. पाणी काय, वाटीतून हातानं शिंपडता येतं.

हे ताईनं भाऊजींना सांगितलं. भाऊजींनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि मस्कतहून सुट्टीवर आलेल्या पुतण्याकडून वाफेची इस्त्री आणली.

"जर्मन आहे," ते म्हणाले. "तळाला वाफेसाठी छिद्रं आहेत, मोजून घे."

"भोकं नको होती हो," ताई म्हणाली.

"छिद्रं. भोकं डब्याला असतात."

ताईनं ती एका जुन्या शिवणीवर दाबून पाहिली. आमच्याकडचं बोअरचं पाणी जर्मन इस्त्रीला मानवलं नाही. भोकांतून तांबूस थेंब टपटपले आणि कापडावर गोवर उठल्यासारखं दिसायला लागलं.

"सवय होईल," भाऊजी म्हणाले. ते इस्त्रीबद्दल बोलत होते की ताईबद्दल, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी ते ऑफिसला गेल्यावर मी ताईला म्हटलं, "पायात चपला घाल."

"कुठं?"

"इस्त्री आणायला."

"अगं, पण यांना न विचारता…"

"ताई, तू त्यांना न विचारता या घरात आजवर काय काय केलंस?"

तिनं खरंच आठवून पाहिलं. मग म्हणाली, "एकदा तुळशीची कुंडी हलवली होती."

मंडईजवळ इलेक्ट्रिकच्या सामानाचं एक मोठं दुकान होतं. गल्ल्यावर मालक स्वतः बसले होते. त्यांनी आमच्या मागं, रस्त्याच्या दिशेनं, पाहिलं.

"साहेब नाही आले?"

"इस्त्री साहेब करणार नाहीत," मी म्हटलं.

"तसं नव्हे हो ताई. पसंतीला म्हणतोय."

शकूताई पुढं झाली. तिनं पिशवीतून शिवण घातलेला एक कापडाचा तुकडा काढला आणि काउंटरवर पसरला. "जड दाखवा," म्हणाली. एकेक इस्त्री तिनं हातात घेतली, तळावरून बोट फिरवलं, टोक शिवणीत घालून पाहिलं आणि बाजूला ठेवली. मालकांनी गुलाबी दाखवली, फुलाफुलांची दाखवली, बटण दाबलं की दिवा लागणारी दाखवली. ताई त्यांच्या डोक्यावरून मागच्या फळीकडे पाहत होती.

"ती काळी दाखवा."

"ती लाँड्रीवाले नेतात, ताई. घरात कुणी नाही नेत."

"दाखवा तर."

ती बिनभोकाची होती. तळ आरशासारखा, टोक होडीसारखं आणि वजन असं की काउंटरची काच कुरकुरली. ताईनं ती शिवणीवर ठेवली, थोडी दाबली, उचलली. वायर लावलेली नव्हती, इस्त्री गार होती, तरी शिवण अर्धी बसली. मी माझ्या बहिणीचा चेहरा इतका उजळलेला तिच्या लग्नातही पाहिला नव्हता. लग्नात अर्थात तिला पसंती कुणी विचारलीच नव्हती.

"हीच," ती म्हणाली.

मालकांनी ती बांधली. बांधता बांधता आपुलकीनं म्हणाले, "खोकं टाकू नका हं. साहेबांना नाही आवडली तर बदलून देतो."

आम्ही रिक्षानं घरी पोचलो, तर भाऊजी दारात उभे. जेवायला आले होते.

"काळी घेतली म्हणे," ते म्हणाले.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"दुकानातून फोन आला होता. ऑफिसात. 'ताई आल्या होत्या, चालेल ना?' म्हणून विचारत होते. भला माणूस आहे."

मी संतापानं काही बोलणार होते, पण शकूताईनं माझा दंड धरला. भाऊजींनी काळी इस्त्री हातात घेतली, गॅस सिलिंडर तोलायचा ताणकाटा शोधून आणला आणि इस्त्री त्याला टांगली.

"वजन फार आहे. बाईच्या मनगटाला झेपायचं नाही."

"तुमच्या आईंना अंथरुणातून उचलून बसवायची ती याच मनगटानं ना?" मी म्हटलं. "तेव्हा नव्हता हा ताणकाटा?"

"कुंदा," ताई म्हणाली.

भाऊजी रागावले नाहीत. रागावणं हे कमी शिकलेल्यांचं लक्षण आहे असं ते मानत. "हरकत नाही," ते म्हणाले. "दोन्ही ठेवू. तुलनात्मक अभ्यास होईल."

काळी इस्त्री लोखंडी बैठकीवर बसली आणि पुढचे दिवस घरात एकच आवाज होता. ठेव, दाब, उचल. चौकोन असे सरळ बसत होते की वरून मुंगीनं चालायचं ठरवलं असतं तर तिला शिवण लागली नसती. भाऊजी येता-जाता थांबत, पाहत आणि "वाफेनं आणखी छान झालं असतं" असं म्हणून पुढं जात.

दसऱ्याला फक्त गाभ्याचा चौकोन उरला होता. ताईनं सकाळी चहा झाल्यावर तुकडा काढला. तेवढ्यात भाऊजी पितांबर नेसून, हातात झेंडूच्या माळा घेऊन आले आणि त्यांनी काळी इस्त्री उचलली.

"अहो, ती कुठं?"

"पूजेला. आज यंत्रपूजन. नवीन यंत्रं दोन आलीत घरात."

"मला दुपारी थोडं दाबून घ्यायचं होतं. उद्या नगरकरबाई यायच्यात."

"पूजेतलं यंत्र? दसऱ्याच्या दिवशी वापरायचं?" भाऊजींना खरोखर धक्का बसला होता. "शकू, आपण सुशिक्षित माणसं आहोत."

या वाक्याचा मी त्यानंतर अनेक वर्षं विचार केला. ते कोणत्या बाजूनं धरायचं हे मला अजून कळलेलं नाही. गृहस्थ एरवी विज्ञानाशिवाय बोलत नसत. सत्यनारायणाच्या तीर्थात जंतू असतात म्हणून ते तीर्थ उकळून घ्यायचे.

"उद्या पहाटे उठून करेन," ताई म्हणाली, आणि पुरण वाटायला आत गेली. मीही गेले. पूजा भाऊजींनी एकट्यानं, दार लोटून केली. पूजा एकाग्रतेनं करायची असते, असं त्यांचं म्हणणं. आरतीला त्यांनी आम्हाला हाक मारली, तेव्हा शिलाई मशीन, स्कूटरची किल्ली, कॅल्क्युलेटर, ताणकाटा आणि दोन इस्त्र्या झेंडूखाली ओळीनं बसल्या होत्या. वाफेच्या इस्त्रीला माळ दुहेरी होती, ते मी पाहिलं. काळी आपल्या लोखंडी बैठकीवर गप्प बसली होती.

दुसऱ्या दिवशी ताई उजाडताच उठली. काळी इस्त्री बैठकीसकट टेबलावर आणली, माळ काढून देवापुढं ठेवली, बटण लावलं. तापताना थोडा वास आला. पण घरात कालचा धूप होता, कापूर होता, निर्माल्य होतं. वासाचं कुणाला काय वाटणार?

तिनं अण्णांच्या धोतराचा तुकडा पसरला. कडा टोकानं एकेक करून आत दुमडल्या. चौकोन पालटला. वाटीतलं पाणी बोटांनी शिंपडलं. मग इस्त्री उचलून बरोबर मधोमध ठेवली, दोन्ही हातांनी दाबली, आणि सरळ वर उचलली.

अण्णांच्या धोतरावर स्वस्तिक उमटलं होतं.

अगदी सुबक. चार टिंबांसकट. हळदीची रेघ आणि तिच्या आत कुंकवाची. तिनं इस्त्री फिरवली असती, तुम्ही-आम्ही फिरवतो तशी, तर नुसता फराटा उठला असता. पण ती ठेवायची, दाबायची, उचलायची. म्हणून छापखान्यात निघावं तसं निघालं.

"ताई," मी म्हटलं. 

तिनं इस्त्री वाकवून तळ पाहिला. मग हाक मारली, "अहो."

भाऊजी दात घासत आले. पाहून त्यांचा ब्रश थांबला. मग त्यांनी सगळं समजावून सांगितलं. नवीन यंत्रावर स्वस्तिक काढतात. वरचा भाग काळा, त्यावर कुंकू दिसेना. तळ मात्र चकचकीत. पाण्यात कालवलं तर ओघळत होतं, म्हणून त्यांनी तेलात कालवलं. आणि पुसलं जाऊ नये म्हणून ती बैठकीवर अशी ठेवली की मधला भाग कशालाही टेकू नये.

"विचारपूर्वक केलं होतं मी," ते म्हणाले.

"आणि तुमची जर्मन?" मी विचारलं. "तिच्यावर नाही काढलंत?"

"तिच्यावर छिद्रं आहेत ना. रेघ बसत नव्हती." इथं त्यांचा चेहरा थोडा खुलला. "बघ, म्हणूनच मी म्हणत होतो. वाफेची वापरली असती, तर हे झालंच नसतं."

मी राज्यशास्त्राची माणूस आहे. जुलमी राजवटींबद्दल मी वर्षानुवर्षं शांत आवाजात शिकवलेलं आहे. त्या सकाळी मी शांत आवाजात बोलले नाही. काय बोलले ते इथं लिहीत नाही. शेजारच्या कुलकर्णीकाकूंनी रेडिओ बंद केला, एवढं सांगते.

भाऊजी ऐकत होते. मग म्हणाले, "डागच आहे, निघेल," आणि चौकोन उचलून मोरीत गेले. ताई "साबण नको!" असं ओरडत मागं धावली, पण त्यांनी कपड्याचा साबण आधीच खसाखसा चोळला होता. हळदीला साबण लागला की काय होतं ते ज्या बाईनं एकदा तरी स्वयंपाकाचा पदर धुतलाय तिला ठाऊक असतं. पिवळी रेघ लालभडक झाली. वर तेलानं ती पसरली. अण्णांचं धोतर मोरीच्या काठावरून असं लोंबत होतं की बघवेना.

"रासायनिक प्रक्रिया," भाऊजी हळूच म्हणाले.

शकूताई मोरीच्या दारात उभी होती. रडत नव्हती. तिनं चौकोन त्यांच्या हातातून घेतला, पिळला आणि दोरीवर टाकला. स्वस्तिक असलेलं कापड टाकून देता येत नाही. मग ती बाहेरच्या खोलीत जाऊन पलंगावर बसली. तिच्या पुढ्यात अख्खी गोधडी होती. आईच्या किनारी, अण्णांचे चौकोन आणि मध्यभागी रिकामं भगदाड.

"दुसरा तुकडा?" मी विचारलं.

"विरलेत सगळे."

"नगरकरबाईंना थांबवू. मी फोन करते."

"त्या थांबत नाहीत गं. कशाला थांबतील?"

भाऊजी आंघोळ करून, तयार होऊन बाहेर आले. त्या दिवशी त्यांच्या ऑफिसात दसऱ्याचा कार्यक्रम होता आणि ते बोलणार होते. अंगात नवा पांढरा सदरा. कापड त्यांनी स्वतः पसंत केलं होतं, शिंप्याला तीनदा दुरुस्त करायला लावलं होतं, आणि "शंभर टक्के सुती, बोट लावून बघ" असं घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं होतं.

"मी निघतो," ते म्हणाले. "आल्यावर यावर काहीतरी मार्ग काढू."

"सदरा काढा," ताई म्हणाली.

"काय?"

"सदरा काढा म्हणतेय."

आवाज चढलेला नव्हता. मी मात्र खुर्चीत सरळ झाले.

"शकू, कार्यक्रम आहे. मी बोलणार आहे."

"दुसरा घाला. निळा आहे कपाटात, दुसऱ्या खणात. तुम्हाला सापडायचा नाही, कुंदा काढून देईल. हा काढा."

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना माझी मदत हवी होती. मी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर कुलकर्णीकाकू दिसल्या. त्याही पाहत होत्या.

त्यांनी बटणं काढायला सुरुवात केली. वरचं बटण निघेना, तेव्हा ताई उठली आणि तिनं ते काढलं. सदरा हातात आल्यावर तिनं तो टेबलावर पालथा टाकला, पाठीवर हात फिरवला, जरा थबकली, पुन्हा दोन बोटांत कापड धरून पाहिलं. मग कात्री घेतली.

"पाठीचा घेतेस ना?" भाऊजी बनियनमध्ये उभे होते. "मग कोट घातला की दिसणार…"

कात्री चालली. ते वाक्य त्यांनी अर्ध्यावर सोडलं. हेही पहिल्यांदाच घडत होतं.

काळ्या इस्त्रीचा तळ मी मिठानं घासून लख्ख करून दिला. ताईनं तिचं बटण जरा मागं फिरवलं, कडा दुमडल्या, चौकोन लावला आणि धावदोरा घालायला बसली. जीपचा हॉर्न वाजला तेव्हा ती शेवटची गाठ मारत होती. नगरकरबाईंनी गोधडी उलगडून पाहिली, "वा," म्हणाल्या, आणि पाण्याचा घोटही न घेता गेल्या.

प्रदर्शनाला आम्ही तिघं पुण्याला गेलो. हॉलमध्ये ती मधल्या भिंतीवर होती आणि खाली पुठ्ठ्याच्या कार्डावर 'शकुंतला मुजुमदार, कऱ्हाड' एवढंच. बी.ई. नाही, बेलची सूचना नाही. ताईनं ते कार्ड एकदा वाचलं, थोडी पुढं गेली आणि परत येऊन पुन्हा वाचलं.

भाऊजी त्याच भिंतीशी उभे होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, "गोधडीत खरं महत्त्व इस्त्रीच्या निवडीला आहे. सपाट तळाची, वजनदार घ्यायची. लोक उगाच वाफेच्या मागं लागतात." दोन बायका ते वहीत उतरवून घेत होत्या. मी त्यांच्यापाशी जाणार होते, पण तेवढ्यात परीक्षक आल्या. पांढऱ्या केसांच्या, चष्मा दोरीला बांधलेल्या. त्यांनी गोधडी जवळून पाहिली. आईच्या किनारींवरून, अण्णांच्या चौकोनांवरून त्यांची नजर फिरली आणि गाभ्यावर येऊन थांबली.

"हा मधला बघा," त्या बरोबरच्या बाईंना म्हणाल्या. "इतका हातांतून गेला, जीपमधून आला, घडी घालून आला. बाकीच्यांवर थोड्या चुण्या आहेत, ते साहजिकच आहे. पण यावर एक सुरकुती नाही. इस्त्री करावी तर अशी."

"इस्त्रीची निवड," भाऊजी पुढं होऊन म्हणाले.

मी शकूताईकडे पाहिलं. ती कार्डाकडे पाहत होती.

"टेरिकॉट आहे गं तो," ती माझ्या कानाशी म्हणाली. "त्याला इस्त्री लागत नाही."